दुसरा फटका

सकाळी चहाचं पाणी ठेवायच्या आतच पंखा बसला. आधी पाती मंद झाली, मग छतावरचे दिवे पिवळट पडले, आणि शेवटी छोट्या फ्रिजने दोन-चार आचके देऊन दम सोडला. शैलेश पांघरुणातूनच म्हणाला, "गेली बॅटरी."

"बघू तर दे," शुभांगी म्हणाली. तिला राग आला होता, कारण गाडीतली एकूण एक वायर तिने स्वतःच्या हाताने ओढली होती.

एका शाळेने मोडीत काढलेली ही मिनीबस. शुभांगी आणि शैलेशने वर्षभराचे शनिवार-रविवार हिंजवडीजवळच्या चांद्यातल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खपून तिचं फिरतं घर केलं होतं. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनेल. गाडी सुरू करायची बॅटरी दाराच्या पायरीशेजारच्या पेटीत होती. घराची बॅटरी, म्हणजे दिवे, पंखा, फ्रिज चालवणारी, वेगळी आणि दुपटीने जड. ती पलंगाखाली. शुभांगी परभणीची. इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि नोकरी मिळाली हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची. हाताला लागलेली वीज सुटली ती या गाडीत परत सापडली, असं ती म्हणायची.

गाडी उभी होती ती मुळशी धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या कुशाबांच्या जमिनीवर. भातं निघाली होती, खाचरं कोरडी पडली होती. याआधीही ते दोघं इथे राहून गेले होते. कुशाबा गाडीला घरगाडी म्हणत आणि तुळजाबाई, त्यांची बायको, भाकरी आणून देई. या खेपेला मात्र आल्या आल्या शुभांगीला खाचरात एक मोठा काळा डाग दिसला. पेंढ्याची गंज जळून गेली होती.

"पुतण्यानं लावली," कुशाबा म्हणाले होते. "दयानंदानं. त्याला हितली जमीन हाटेलवाल्याला द्यायची हाय. मी सही देत न्हाई."

"पोलिसांत गेलात का?"

"जाऊन आलो. बघतो म्हनाले."

तुळजाबाई मधेच म्हणाली होती, "लेकरागत वाढवला त्याला. आई मेली तवा तीन वर्साचा हुता. माझ्या ताटात जेवायचा." एवढं बोलून ती उठून गेली होती.

आता शुभांगीने पलंगाची फळी उचलली आणि बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावल्या. साडेबारा व्होल्ट. सगळी बटणं चालू करून पुन्हा लावल्या, तरी आकडा बाराच्या खाली उतरला नाही. मेलेली बॅटरी अशी वागत नाही. भार पडला की ती लगेच बसते. मग तिने ओट्यामागच्या फ्यूजच्या पेटीत मोजलं. तिथे नऊसुद्धा नव्हते.

"बॅटरीतून वीज निघतेय," ती म्हणाली, "आणि वाटेत कुठेतरी मरतेय."

"म्हणजे बॅटरीच ना?"

"नाही रे. वाट खराब आहे."

तिने लाल वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. मोठा फ्यूज काढून बघितला. सगळं ठीक होतं. राहिली काळी वायर. ती बॅटरीपासून निघून गाडीच्या पोटात जात होती आणि तिथे लोखंडी सांगाड्याला बोल्टने आवळलेली होती. शुभांगीने मीटरची एक पिन बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली, दुसरी सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला. मीटरने शून्य दाखवायला हवं होतं. त्याने तीन दाखवले.

"सापडलं! अर्थिंग गेलंय. पावसाळ्यात चिखल बसून बोल्ट गंजला असणार. बॅटरी ठणठणीत आहे."

शैलेशने चहाऐवजी पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाला, "मी जरा कुशाबांकडे चूल पेटलीय का बघतो."

शुभांगी जुनी चटई टाकून गाडीखाली सरकली. बोल्ट खरंच पांढऱ्या-हिरव्या, बुरशीसारख्या थराने भरला होता. पाना लावला तर जागचा हलेना. मग तिने पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. बोल्ट कुरकुरला आणि सुटला. ती पॉलिश पेपर हातात घेतेय तोच वरच्या कच्च्या रस्त्यावरून एक जीप खडखडत उतरली आणि गाडीच्या शेजारीच येऊन थांबली.

शुभांगीला फक्त पाय दिसत होते. तीन जोड्या. एकाच्या पायात पांढरे बूट. मग घराकडून कुशाबांच्या अनवाणी टाचा आल्या, त्यांच्या मागे तुळजाबाईच्या जोडव्यांची बोटं आणि शैलेशच्या सपाता.

"तात्या," पांढरे बूट म्हणाले, "शेवटचं इचारतोय. उद्या पौडला येतुयास का न्हाई?"

"न्हाई."

"मानूस तयार हाय, गाडी तयार हाय. तुला फकस्त आंगठा टेकवायचाय."

"दया, तुझा वाटा तू इकलास. हा माझा हाय. माझ्या जित्तेपनी ह्याच्यावर हाटेल हुनार न्हाई."

"जित्तेपनी?" दयानंद हसला. "ह्या शहरातल्या लोकांच्या गाड्या लावून घेतूस, त्यांच्यासंगं बसून फोटो काढतूस, आनि मला जमीन शिकवतूस व्हय? भैरू, आधी ती गाडी फोड."

शैलेशच्या सपाता पुढे सरकल्या. "अहो, ऐकून तर घ्या. आमचा यात काही संबंध नाही. आम्ही निघतो, तुम्ही घरच्या घरी बोलून..."

पांढरे बूट एक पाऊल पुढे आले, आणि लाकूड हाडावर आपटल्याचा आवाज आला. शैलेश गुडघ्यांवर आला, आणि दुसरा घाव बसल्यावर आडवा झाला. त्याचा चेहरा शुभांगीपासून दोन हातांवर मातीत टेकला. कपाळ फुटलं होतं आणि रक्त डोळ्यात उतरत होतं. त्याने तिला पाहिलं. ओठ हलवून त्याने एवढंच सांगितलं, "नको."

ती हलली नाही. डोक्यावर काचा फुटायला लागल्या, एकामागून एक. भैरू पहार घेऊन गाडीभोवती फिरत होता.

"बॅटरीची पेटी फोड," दयानंद म्हणाला. "गाडी हलता कामा न्हाई. वर जाऊन फोन लावतील."

पेटीचं झाकण उपटलं गेलं. पहार आत घुसली, बाहेर आली, पुन्हा घुसली. फुटलेल्या बॅटरीतलं अॅसिड पेटीच्या भोकातून ठिबकायला लागलं, आणि पहिली धार शुभांगीच्या डाव्या हातावर पडली. आधी गार वाटलं. मग कातडीत सुया टोचाव्यात तसं झालं, मग आग. तिने उजव्या हाताची मूठ तोंडात कोंबली आणि जागच्या जागी अंग सरकवलं. बाही विरघळत होती. सरकायला जागा नव्हती.

तेवढ्यात तुळजाबाई किंचाळली. "दया! दया, नको रे! चुलता हाय तुझा!"

शुभांगीला टाचा मागे मागे सरकताना दिसल्या. कुशाबा पडले, हाताच्या आधाराने उठायला लागले. त्यांच्यावर पांढरे बूट उभे राहिले, शेजारी कोयत्याचं पातं लोंबत होतं. कोयता खाली येताना दिसला नाही, पण कुशाबांनी डोक्यावर आडवा धरलेला हात तिला दिसला, आणि मग त्या हाताला कोपराखाली पडलेली फट. रक्त लगेच आलं नाही. क्षणभर आतलं पांढरं दिसलं. मग भसकन आलं, आणि बुटांवर उडालं.

"आंगठा लागतुय ना तुझा?" दयानंद दातओठ खाऊन म्हणत होता. "हातच नेतो."

शुभांगी कशी बाहेर आली ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. पाठ खरचटली, केसांत गवत अडकलं, आणि ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने निघून, वळसा घालून उभी राहिली तेव्हा पाइप तिच्या हातात होता. दयानंद पाठमोरा होता. कोयता पुन्हा वर गेला होता. तिने दोन्ही हातांनी पाइप फिरवला आणि तो त्याच्या खांद्यावर बसला. काहीतरी मोडल्याचं तिला मनगटात कळलं. कोयता मातीत पडला.

दयानंद वळला आणि गुडघ्यांवर बसला. तिशीचा असेल. दाढी नीट कोरलेली, गळ्यात जाड साखळी. तो मोडका खांदा धरून तिच्याकडे असा बघत होता की ही कोण, कुठून आली, तेच त्याला उमगेना. "ओ ताई," तो म्हणाला, "थांबा..."

तिने थांबायला हवं होतं. त्याचे दोन्ही हात रिकामे होते, कोयता तिच्या पायाशी होता. तिला तो दिसलासुद्धा. पण हातातली आग डोक्यात गेली होती, आणि खाली शैलेशचं रक्त होतं, आणि कुशाबांचं. तिने पाइप पुन्हा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. जबडा एका बाजूला सरकला. तो आवाज न करता उताणा पडला.

"मेला!" भैरू ओरडला. "आयला, मेला!" त्याच्या हातातली पहार गळून पडली. तिसरा केव्हाच जीपमध्ये चढला होता. जीप उलटी फिरली, बांधावर चढली, जळक्या पेंढ्यावरून धूळ उडवत वर निघून गेली.

मग शांत झालं. कुशाबा मात्र "आई, आई" करत होते, लहान मुलासारखे.

शुभांगीने पाइप टाकला. तुळजाबाईने पदर कुशाबांच्या हाताला गुंडाळला होता आणि तो भिजून टपकत होता. "असं नाही थांबणार, मावशी," शुभांगी म्हणाली. तिने ओढणी दंडाला बांधली, गाठीत गाडीखालचा पाना अडकवला आणि पिळत गेली. कुशाबा ओरडले. ती पिळत राहिली. रक्ताची धार बारीक झाली, मग थेंबांवर आली. "हा पाना धरा. सोडू नका. काही झालं तरी सोडू नका."

शैलेश गाडीला धरून उभा राहत होता. एका डोळ्याने त्याला दिसत नव्हतं, श्वास घेताना बरगड्यांत कळ येत होती. त्याने खिशातून फोन काढला. काच फुटली होती, आणि तशीही खाली पाण्याजवळ रेंज नसायची. तो चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि चावी फिरवली. टिक् म्हणूनही आवाज आला नाही.

"संपलं," तो म्हणाला. "मी वर रस्त्यापर्यंत पळतो. कोणीतरी भेटेल."

"तुला उभं राहता येत नाहीये. आणि ते लोक वरच असले तर? पलंगाखालची बॅटरी काढू."

"शुभा, ती सकाळीच मेली!"

"ती मेलेली नाही!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की तुळजाबाईने मान वर केली. "मी मोजलंय. बॅटरी चांगली आहे, तिची अर्थिंगची वायर खराब होती. इथे थेट जोडली तर सेल्फ मारेल. तू एक बाजू धर."

पन्नासेक किलोचं ते धूड दोघांनी पलंगाखालून ओढलं. शैलेश प्रत्येक पावलाला कण्हत होता. फुटलेल्या काचांवरून बॅटरी घसटत दारापर्यंत आणली आणि पायरीवर टेकवली. तिथे शैलेश ओकला, बाजूला सरकला आणि पुन्हा आला. शुभांगीने फोडलेल्या बॅटरीचे क्लॅम्प उपटून काढले. अॅसिडने ओले झालेले ते तिने मातीत घासले. ते नव्या टोकांवर नीट बसेनात. मोठे पडत होते. तिने उघड्या तांब्याच्या तारेचे वेढे टोकांना दिले आणि त्यावर क्लॅम्प आवळले. लाल लालला. काळा काळ्याला. ठिणगी उडाली. आता पहिल्यांदाच तिला कळलं की डाव्या हाताची कातडी मनगटापासून वर सोलली जातेय.

"मार सेल्फ."

इंजिन जड ओढल्यासारखं एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, अडलं. "सोडू नको," ती म्हणाली. तिसऱ्यांदा ते फिरलं आणि पेटलं. शैलेशने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. रडत होता की हसत होता, सांगता आलं नसतं.

दोघांनी मिळून कुशाबांना आत घेतलं आणि ओट्याला टेकवून बसवलं. पाना आता त्यांनी स्वतःच्याच धडक्या हाताने धरला होता. शुभांगी तुळजाबाईला हाक मारायला वळली.

तुळजाबाई आत आलीच नव्हती. ती दयानंदाजवळ उभी होती. बांधावरचा एक दगड तिने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता. दयानंदाची छाती वर-खाली होत होती. तोंडातून रक्ताचा बुडबुडा येत होता आणि फुटत होता.

"मावशी!"

"तू जा. गाडी काढा तुमी."

"मावशी, तो जिवंत आहे."

"म्हनून तर."

शुभांगी धावली आणि तिने दगडासकट म्हातारीला मिठी मारली. दगड दोघींच्या पायांमध्ये पडला. तुळजाबाई साठीच्या पुढची, पण भातशेतीत राबलेली. तिने शुभांगीच्या भाजलेल्या हातावरच नखं रोवली, तिला ढकललं, पुन्हा दगडाला वाकली. शुभांगीने तिच्या कमरेला धरून मागे ओढलं. दोघी पडल्या. म्हातारी तिच्या तोंडावर थुंकली.

"तू मारलास तवा चाललं," ती धापा टाकत म्हणाली. "मी मारला तर का न्हाई?"

शुभांगीने दगड पायाने दूर लोटला. "पाना सैल झाला तर बाबा मरतील," ती म्हणाली. "तुम्ही आत चला."

त्या एका वाक्याने तुळजाबाई उठली. शुभांगीने दयानंदाला काखेत धरून ओढायला सुरुवात केली. एकटीने जमेना. शैलेश खाली उतरला, नुसता बघत राहिला. "यालाही?"

"हो."

"याने मला..."

"मला माहितीय त्याने काय केलं. पाय उचल."

कच्चा रस्ता चढताना गाडी हिसके देत होती. फुटक्या खिडक्यांतून धूळ आत येत होती. शुभांगी दारात बसून दोन्ही हातांनी बॅटरी धरून होती, कारण एका गचक्याने क्लॅम्प निसटला तर इंजिन बंद पडो न पडो, ठिणगीने काही पेटलं तर सगळेच संपले असते. वर डांबरी रस्ता लागला. जीप कुठे दिसली नाही.

घाटाच्या एका वळणावर दयानंद शुद्धीवर आला. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने धडधाकट हात जमिनीवर चाचपला आणि हाताला लागला तो कुशाबांचा पाय. त्याने तो धरला. कशासाठी धरला कुणास ठाऊक. आधारासाठी असेल, किंवा अजूनही राग असेल. कुशाबांनी दुसऱ्या पायाने त्याच्या छातीत लाथ घातली, एकदा, दोनदा, आणि त्या झटक्याने पाना हातातून सुटला. ओढणीचा पीळ उलगडला. रक्त पुन्हा उसळलं, ओट्यावर, तुळजाबाईच्या तोंडावर, छताच्या दिव्यावर.

"पाना! मावशी, पाना!" शुभांगी ओरडली. तिला बॅटरी सोडता येत नव्हती.

तुळजाबाईने पाना पकडला आणि पिळला. पिळता पिळता तिने एक पाय दयानंदाच्या गळ्यापाशी रोवला. "हल," ती त्याला म्हणाली. "हल तर खरं." तो हलला नाही. पौड येईपर्यंत ती तशीच उभी होती, एका हातात नवऱ्याचा जीव आणि पायाखाली पुतण्याचा.

पौडच्या सरकारी दवाखान्यात दोघांना एकाच वेळी आत नेलं आणि थोड्या वेळाने दोन वेगळ्या रुग्णवाहिकांतून पुण्याला पाठवलं. शुभांगीचा हात धुऊन बांधला, शैलेशच्या कपाळाला टाके पडले. मिनीबस पोलिसांनी ठाण्याच्या आवारात लावून घेतली.

कुशाबांचा हात वाचला, पण बोटं मिटेनात. तिसऱ्या दिवशी शुभांगी त्यांना भेटायला गेली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, बरं वाटतंय का?"

"त्याला कशाला उचललंस?"

तिला समजलं नाही असं वाटून त्यांनी मान वळवली. "दयाला. तिथंच ऱ्हाऊ द्यायचा हुता. आता तो बरा हुनार, आनि पुन्हा येनार. मी एका हाताचा. तू घरी जाशील चांद्याला."

"तो मेला असता, बाबा."

"व्हय," कुशाबा म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. तिने आणलेली फळं खुर्चीवर तशीच ठेवली आणि ती बाहेर पडली.

जबाबासाठी पौडला बोलावलं त्या सकाळी शैलेशने मित्राकडून आणलेल्या गाडीत तिला पुन्हा पुन्हा समजावलं. वकिलाशी तो बोलून आला होता. "कोयता त्याच्या हातात होता. दोन्ही वेळा. एवढंच सांगायचं. भैरू आणि तो दुसरा पकडले गेलेत, पण ते काय वाट्टेल ते सांगतील. आपल्याला एकच गोष्ट सांगायची आहे."

"दुसऱ्यांदा कोयता खाली होता, शैलेश. तू पाहिलंस."

"माझ्या डोळ्यात रक्त होतं. मी काही पाहिलं नाही." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तू मारलं नसतंस तर आपण इथे नसतो. पुरे ना तेवढं?"

ठाण्यातली फौजदार बाई शुभांगीच्याच वयाची होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मधे मधे तारखा, अंतरं विचारली. मग म्हणाली, "मॅडम, पहिला फटका कळला. दुसरा?"

"तो गुडघ्यांवर होता. हात रिकामे होते. थांबा म्हणत होता."

"मग?"

"मग मी मारला."

फौजदार बाईने पेन थांबवलं. दाराशी शैलेशने डोळे मिटले. "तुम्ही विचार करून बोलताय ना?"

"हो."

"गंमत आहे," फौजदार बाई म्हणाली, पण हसली नाही. तिने बाजूचा कागद पुढे ओढला. "काल ती म्हातारी येऊन गेली. तिने सांगितलं, दुसरा फटका मी मारला. पाइप बाईच्या हातातून हिसकावला आणि मी मारला. अंगठा देऊन गेलीय."

"खोटं आहे ते."

"तुमच्या बोलण्याबद्दलही ती हेच म्हणाली. शहरातली हाय, घाबरलीय, तिला काय आठवतंय."

शुभांगीने सही केली. तिचा जबाब आणि तुळजाबाईचा जबाब एकाच फायलीत गेला. पुढचं कोर्ट बघेल, फौजदार बाई म्हणाली. दयानंदाचा जबडा तारांनी बांधला होता आणि त्याला अजून काही बोलता येत नव्हतं.

बाहेर स्टँडवर तुळजाबाई पुण्याच्या एसटीची वाट बघत बसली होती. मांडीवर डबा होता, फडक्यात बांधलेला. शैलेश गाडी आणायला गेला. शुभांगी जाऊन तिच्याजवळ बसली. तुळजाबाईच्या नखांचे ओरखडे शुभांगीच्या पट्टीच्या वर, दंडावर अजून दिसत होते. म्हातारीने ते पाहिले आणि नजर वळवली.

"का सांगितलंत असं, मावशी? मला वाचवायला?"

"तुला?" तुळजाबाईने तिच्याकडे बघितलं. त्यात माया नव्हती. "तू कोन? आज हाईस, उद्या न्हाई. त्यानं माझ्या ताटातलं खाल्लं. मी त्याला न्हाऊ घातला, त्याच्या अंगाचा ताप माझ्या अंगावर घेऊन बसले रातभर. त्याचं थोबाड फोडायचं तर ते माझ्या हातनं फुटाय पायजे हुतं. तू मधी आलीस."

"मग तुम्ही जेलमध्ये जाल."

"जाईन."

"मी खरं सांगून आलेय."

"तू तुझं सांग. मी माझं सांगनार. पुन्हा इचारलं तरी ह्येच सांगनार."

एसटी आली. गर्दी होती. तुळजाबाई डबा छातीशी धरून उठली, पुढच्यांना कोपराने ढकलत पायरीवर चढली. कंडक्टरने घंटी दिली. शुभांगीने खिडक्यांतून बघितलं, पण म्हातारी तिला दिसली नाही. ती कुठेतरी मधे उभी असणार. शैलेश हॉर्न वाजवत होता, तरी शुभांगी एसटी वळणाआड जाईपर्यंत बाकावरून उठली नाही.